नखांवरचा रंग बदलताना

‘उगुरिनल्लि होगुवुदक्के कोडलि याके’ अशी म्हण आपण घरात कितीदा ऐकतो! नखाने निघणाऱ्या गोष्टीला कुऱ्हाड कशाला? गेल्या वर्षी ही म्हण मला मध्यरात्री आठवली, आणि तीही खरोखरच्या नखांवरून.

माझी थोरली बहीण डिचोलीला दिलेली. तिची मुलगी पेडण्यातल्या मोपा विमानतळावर एका दुकानात काम करते. 2023 च्या जानेवारीत तिथून विमानं सुरू झाली आणि आसपासच्या तालुक्यांतल्या मुलांना घरी राहून नोकरी करायची सोय झाली. गिऱ्हाईकांसमोर हात नीटनेटके हवेत, म्हणून ही पोर घरच्या घरी डिप पावडरचं मॅनिक्युअर करते. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या दराने करून घेणं तिला कुठलं परवडायला? रंग कुठला लावायचा ते मात्र आजी ठरवायच्या. आजी म्हणजे बहिणीच्या सासूबाई. यजमान गेल्यापासून त्यांनी केसांत अबोली माळली नव्हती. पण नातीने पावडरच्या डब्या पुढे मांडल्या, की बोट नेमकं अबोली रंगावर जायचं. आपल्याकडं कनकांबर म्हणतात, तोच रंग.

तो रंग नखांवर ताजा असतानाच आजी गेल्या. माणसं भेटायला येऊ लागली. कुणी काही बोललं नाही, पण एका नातलग बाईंची नजर हातांवर खिळली आणि पोर ओशाळली. रात्री मला फोन आला, “मावशे, हो रंग आतां कसो काडूं?” एका हातात ब्लेड, शेजारी वाटीत ॲसिटोन, आणि बसली होती कुठे? आजींसाठी अखंड दिवा लावलेल्या खोलीत!

“आधी तिथून ऊठ, वाटी बाहेर ने आणि ब्लेड ठेवून दे,” एवढंच मी सांगू शकले. ॲसिटोन चटकन पेट घेतं, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत दिव्यापर्यंत पोचू शकते. हे सगळं मला नीट कळलं ते दुसऱ्या दिवशी, कॉलेजात केमिस्ट्रीच्या सरांना गाठलं तेव्हा.

सरांनी समजावलं ते असं. डिप पावडरमध्ये आधी नखाला बेस लावतात, त्यावर रंगीत पावडर, मग ॲक्टिव्हेटर आणि शेवटी पारदर्शक टॉप कोट. बेस म्हणजे सायनोॲक्रिलेट, आपल्या फेविक्विकच्या जातीचा गोंद. 1942 साली अमेरिकेत ईस्टमन कोडक कंपनीत हॅरी कूव्हर यांच्या हाती हा पदार्थ लागला, तेव्हा तो सगळ्यालाच चिकटतो म्हणून बाजूला ठेवला गेला. 1958 मध्ये तो गोंद म्हणून बाजारात आला. ॲक्टिव्हेटर लागला, की गोंद आणि पावडर मिळून टणक थर होतो. त्याला जेलसारखा दिवा लागत नाही. रंग या थरात, टॉप कोटच्या खाली कोंडलेला असतो. म्हणून तो पुसून जात नाही, आणि ब्लेडने खरवडला तर नखाचे पापुद्रे घेऊनच निघतो. बोटाचं नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं. एकदा पातळ झालेलं नख पूर्ण नवं यायला सहा महिने जातात.

दुपारी चोर्ला घाट उतरून मी डिचोलीला पोचले. पोरीला विचारलं, “तुला रंग काढायचाय, की बदलायचाय?” ती गप्प राहिली. मग म्हणाली, “काढायचा नाही गं. आजीने दिलेला शेवटचा रंग आहे.”

मग प्रश्न सोपाच होता. डिपचा थर धड असेल, तर त्यावर साधी नेलपॉलिश खुशाल लावता येते. हात साबणाने धुवून कोरडे करायचे, तेलकटपणा राहू द्यायचा नाही. एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ हात द्यायचे आणि प्रत्येक हात वाळू द्यायचा. खालचा रंग गडद आणि वरचा फिका असेल, तर तिसरा हात लागतो. ही वरची पॉलिश पुसताना मात्र ॲसिटोन नसलेलंच रिमूव्हर घ्यायचं आणि हलक्या हाताने पुसायचं. ॲसिटोन लागलं, तर खालचा थरही मऊ आणि चिकट होतो.

थर कुठे कडेने सुटला असेल, तर वरून रंगवू नये. फटीत पाणी साचून नखाला हिरवट डाग पडण्याची भीती असते. तेव्हा सगळा थर उतरवणंच बरं. टॉप कोटची चकाकी फाइलने घालवायची, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळायची आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मऊ झालेला थर लाकडी काडीने हळूच सरकवायचा. निघत नसेल, तर पुन्हा गुंडाळायचं, ओरबाडायचं नाही. आणि हे काम गॅस, समई, उदबत्ती यांच्यापासून दूर, मोकळ्या हवेत करायचं.

आम्ही पडवीत बसून अबोलीवर कातडीच्या रंगाची पॉलिश चढवली. “सुतकात नेलपॉलिश?” बहिणीने विचारलंच. मी म्हटलं, “ही नटायला नाही गं, झाकायला आहे.” त्याच नातलग बाई जवळच बसल्या होत्या. रंग कुणी निवडला होता ते त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ त्या बोटांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मागीर धांपता कित्याक?” मग झाकता कशाला! बाईंच्या मनात काय होतं आणि पोरीने काय धरलं! तरी पोरीनेच बारा दिवस रंग झाकलेला ठेवला. बारावं झाल्यावर संध्याकाळी तिने कापसाने पॉलिश पुसली. चकाकी थोडी मंदावली होती, पण खाली अबोली जशीच्या तशी होती. पुढे नखं वाढून मुळाशी फट दिसू लागली, तेव्हा तिने पडवीत बसून, वर सांगितलेल्या रीतीने, तो थर उतरवला. नखाला ओरखडासुद्धा नाही.

घरातल्या मोठ्यांना एक सांगावंसं वाटतं. मुलींच्या नखांवरचा रंग खटकला, तर नुसतं बघू नका, विचारा. आपल्या एका नजरेपायी कुणी रात्री ब्लेड हातात घेऊ नये.

चवथीला मी डिचोलीला गेले, तेव्हा पोरीची नखं कोरी होती. डब्या तिने माझ्यापुढे मांडल्या आणि म्हणाली, “मावशे, आता तू सांग, कुठला लावू?”