चार स्वर आणि पंचावन्न शत्रू



‘व्हिडिओ गेममधले संगीत’ असे शब्द उच्चारले, की वडीलधारी मंडळी हसतात. संगीत म्हणजे गाणे, सतार, बासरी; खेळाच्या यंत्रातून येतो तो नुसता टणटणाट, असा सर्वसाधारण समज आहे. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि नेमबाजीच्या जुन्या व्हिडिओ गेमचे संगीत आवडीने ऐकतो. हा टणटणाट नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते पाहा.

१९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ आणला. तो रचला तोमोहिरो निशिकादो यांनी. पडद्यावर पाच ओळींत अकरा-अकरा असे ५५ परग्रहवासी शत्रू सरकत सरकत खाली येतात आणि आपण त्यांना टिपायचे. संगीत कोणते, तर खर्जातले उतरत जाणारे अवघे चार स्वर, पुन्हा पुन्हा! पण गंमत पुढेच आहे. या यंत्राचा संगणक पडद्यावरील एका चित्रात एकाच शत्रूला हलवू शके. सेकंदाला सुमारे ६० चित्रे. म्हणजे ५५ शत्रू असताना प्रत्येकाची पाळी जवळजवळ सेकंदाने येई. शत्रू कमी झाले, की पाळी लवकर येई आणि उरलेले भराभर धावू लागत. शत्रूंच्या संख्येनुसार त्या चार स्वरांमधले अंतरही कमी होत जाई. गायक विलंबितातून द्रुत लयीत येतो, तसेच हे. फरक इतकाच, की येथे लय खेळणारा स्वतः वाढवतो. प्रत्येक अचूक नेमाबरोबर तो आपल्याच छातीतली धडधड वाढवून घेत असतो. चार स्वरांकडून याहून अधिक काय काम करून घेणार?

आता १९९३ साली येऊ. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर कंपनीच्या ‘डूम’ या खेळाला बॉबी प्रिन्स यांनी संगीत दिले. एक हिशेब करा. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे, प्रत्येकी २ बाइट आणि २ वाहिन्या. एकूण १,७६,४०० बाइट. त्या वेळच्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर असे संगीत जेमतेम आठ सेकंद मावेल! म्हणून ध्वनी साठवलाच नाही. कोणता स्वर, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या वाद्याचा, एवढ्याच सूचना साठवल्या. ही जणू स्वरलिपीच. ती वाचून वाजवायचे काम साउंड कार्डावरील चिपचे.

सुरुवातीच्या कार्डांवर यामाहा कंपनीची चिप असे. तिच्यात एका वेळी नऊ स्वर आणि प्रत्येक स्वरामागे फक्त दोन दोलक. मग एवढ्यातून गिटार, घंटा, ढोल कसे निघाले? व्हायोलिनवादक तारेवरचे बोट हलवून स्वराला कंप देतो, हे तुम्ही पाहिले असेल. १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी संगणकावर असाच कंप देऊन त्याचा वेग वाढवत नेला. वेग फार वाढला तेव्हा कंप ऐकू येईनासा झाला आणि स्वराचा पोतच बदलला! ४०० हर्ट्झच्या स्वराची वारंवारता दुसऱ्या दोलकाने सेकंदाला १०० वेळा हलवली, की ३००, ५००, २००, ६०० असे नवे घटक निर्माण होतात. सगळे १०० च्या पटीत, म्हणून ते एकजीव वाटतात. १०० ऐवजी १४१ घ्या. २५९, ५४१, ११८, ६८२ असे बेमेळ आकडे येतील आणि कानाला धातूवर आघात केल्यासारखे वाटेल.

विद्यार्थी असताना मित्राच्या संगणकावर मी हे संगीत प्रथम ऐकले आणि ते आवडले. ध्वनीचा धडा मात्र परीक्षेपुरताच पाठ केला होता. या दोहोंचा काही संबंध असेल, हे मला कोणी सांगितले नाही. तो पुढे एम्. एस्सी.ला कळला. तुमचे असे होऊ नये, म्हणून हा खटाटोप.

कोणी म्हणेल, यंत्राचे हे संगीत कृत्रिम आहे. हार्मोनियमवरही असेच आक्षेप होते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर घातलेली बंदी १९७१ मध्ये सैल झाली. दरम्यान मराठी माणसाने काही पेटी सोडली नाही! वाद्य कशाचे आहे याला महत्त्व नाही, त्यातून काय निघते याला आहे.

‘डूम’मधील रक्तपाताची मी तरफदारी करत नाही, तो खेळ मोठ्यांसाठीच आहे. संगीत मात्र खेळाविनाही ऐकता येते. शिक्षकांना विनंती, की ध्वनीचा धडा शिकवताना वरील आकडेमोड वर्गाकडून करून घ्या आणि मग संगणकावर ते दोन्ही स्वर ऐकवा. आणि मुलांनो, पुन्हा कोणी टणटणाट म्हणाले, तर वाद घालू नका. कागद-पेन्सिल पुढे करा.