तांब्याच्या पैशाचे मोल कशात आहे?

१/ जुन्नर तालुक्यातले बोरी बुद्रुक हे कुकडीकाठचे गाव प्राचीन ज्वालामुखीच्या राखेमुळे जगभरच्या संशोधकांना ठाऊक आहे. आजच्या थ्रेडचा विषय त्या मानाने कालचा आहे: कंपनी सरकारचा तांब्याचा पैसा. तो ओळखायचा कसा, त्याचा बाजार कसा चालतो आणि त्या बाजारात आपण काय गमावतो?

२/ आधी हिशेब. रुपयाचे आणे १६, आण्याचे पैसे ४, पैशाच्या पै ३. म्हणजे रुपयाला ६४ पैसे किंवा १९२ पै. ज्या नाण्यावर इंग्रजीत ‘पाव आणा’ लिहिलेले असते, तोच लोकांचा पैसा. अर्धा आणा म्हणजे दोन पैसे. हातात भरणारा, जाडजूड ढब्बू.

३/ मुंबई इलाख्यासाठी कंपनीने १७९१ साली तांब्याची नाणी इंग्लंडात, मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत, वाफेच्या यंत्रावर पाडून आणली. एका बाजूस कंपनीचे व्यापारचिन्ह, दुसऱ्या बाजूस तराजू आणि फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. राज्य अजून पेशव्यांचे होते; न्यायाची भाषा मात्र व्यापाऱ्याने उचलली होती.

४/ १८३० नंतरच्या मुंबईच्या पाव आण्यावरही हाच तराजू आहे. एका बाजूस इसवी सन, तराजूखाली हिजरी. १८३० सोबत १२४६, १८३३ सोबत १२४९. ही जोडी जुळते का, हे पाहणे ओळखीची पहिली पायरी.

५/ १८३५ पासून सगळ्या इलाख्यांना एकच नाणे आले. संग्राहकांचे खरे काम इथून सुरू होते. ठसे हाताने घडत, म्हणून एकाच सालाच्या पैशांतही पानांच्या वेलीतली फळे, अक्षरांची उंची, अंकांचे वळण बदलते. दुर्मीळ प्रकार याच बारकाव्यांत दडलेला असतो.

६/ कधी डोळ्यांपेक्षा काटा खरे सांगतो. १९०६ साली पाव आणा तांब्याऐवजी कांस्याचा झाला आणि वजन सुमारे ६.४७ ग्रॅमवरून ४.८६ ग्रॅमवर आले. त्या एका सालाचे दोन्ही पैसे आढळतात. सोनाराचा काटा असला की भिंगाची गरज नाही.

७/ जुने म्हणजे दुर्मीळ, हा समज सर्वांत महाग पडतो. मद्रासकडे तांब्याची नाणी घेऊन निघालेले ‘ॲडमिरल गार्डनर’ हे जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यालगत बुडाले. १९८० च्या दशकात त्यातली नाणी प्रचंड संख्येने वर आली. दोनशे वर्षांचे ते नाणे आज कोणालाही सहज परवडते.

८/ आता फसवणूक. ‘ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८’ असे लिहिलेले, मागे रामदरबार किंवा हनुमान असलेले तांब्याचे नाणे लाखोंना विकले जाते म्हणतात. एक आण्याचे नाणे चलनात आले तेच १९०७ च्या सुमारास, आणि तेही तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे. ही नाणी बनावट आहेत. पेशवाई बुडाल्याचे साल मराठी माणसाला खरे वाटते, एवढाच त्यांचा आधार.

९/ या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचे नाव सर्रास वापरले जाते. ‘आधी कमिशन भरा, मग लाखो घ्या.’ बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलेही शुल्क मागत नाही.

१०/ दुसरे टोक भंगाराचे. लाखोंचे स्वप्न मोडले की तीच नाणी किलोच्या भावाने मोडीत जातात. किंवा चिंच-राखेने घासून लख्ख केली जातात. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला थर जातो आणि बारीक अक्षरेही झिजतात.

११/ माझे मत असे की या दोन्हींपेक्षा मोठे नुकसान तिसरेच आहे: नाणे कुठे सापडले, हे कोणी लिहून ठेवत नाही. शिवराई १८१८ नंतरही अनेक दशके वापरात होती. एकाच शेतात शिवराई आणि १८३५ चा पैसा एकत्र मिळाले, तर कुकडीच्या खोऱ्यातल्या माणसाने जुने चलन किती काळ सोडले नाही, हे कळेल. तेच पैसे व्यापाऱ्याच्या पेटीत वेगळे झाले की मुके होतात.

१२/ दाखला जवळचाच. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छाप मारली होती. सुटे एखादे नाणे चमत्कारिक वाटले असते. साठा एकत्र तपासला गेला, म्हणून एका राजवटीचा अस्त वाचता आला. त्याच नहपानाच्या अमात्याचा लेख जुन्नरच्या लेण्यांत आहे.

१३/ बोरीची राखही हेच शिकवते. अनेक संशोधक ती सुमात्रातील टोबाच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जोडतात. तिच्या वयावर दीर्घ वादही झाला. तो वाद शक्य झाला, कारण राख आपल्या थरात, आपल्या जागी होती. उचलून पिशवीत भरली असती, तर ती भांडी घासायच्या कामाची.

१४/ कायदा म्हणाल, तर १८७८ चा निखात निधी कायदा जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला सांगतो. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तू ठरते. या तरतुदींचे भय गावात आहे, माहिती नाही. आणि भयामुळे नाणे सर्वांत आधी भंगारात जाते.

१५/ म्हणून गावोगावच्या शाळांना विनंती: एक वही ठेवा. गट क्रमांक, तारीख, वजन, दोन्ही बाजूंचे छायाचित्र. नाणे न घासता कागदात गुंडाळा आणि रीतसर कळवा. संग्राहकांनीही सापडल्या जागेची नोंद असलेल्या नाण्याला अधिक मान द्यावा. पैशाची किंमत बाजार ठरवील. त्याचा पत्ता मात्र तो सापडला त्या दिवशीच लिहावा लागतो.