मूळ ग्रंथाशी इमान

एकाच कादंबरीवर दुसऱ्यांदा चित्रपट निघाला म्हणजे प्रेक्षकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो हा की, 'जुन्यासारखा उतरला आहे काय?' प्रश्न स्वाभाविक खरा. परंतु आमच्या मते तो भलत्याच ठिकाणी विचारला जातो. दुसरा चित्रपट हे पहिल्याचे अपत्य नव्हे. दोघेही एकाच ग्रंथाची लेकरे होत. तेव्हा धाकट्याची पारख थोरल्याच्या चेहऱ्यावरून न करता, दोघांचीही पारख मूळ ग्रंथावरून झाली पाहिजे.

मात्र ग्रंथाशी इमान म्हणजे काय, हे आधी ठरविले पाहिजे. एच. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकाराची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९८ साली प्रसिद्ध झाली. मंगळावरील प्राणी इंग्लंडवर चालून येतात, तीन पायांच्या प्रचंड यंत्रांतून दाहक किरण सोडून गावेच्या गावे जाळतात, आणि अखेरीस डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू त्यांचा नाश करतात, असे हे कथानक. त्यावर अमेरिकेत १९५३ साली एक चित्रपट निघाला व २००५ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दुसरा काढला. पहिल्याने तीन पायांच्या यंत्रांऐवजी हवेत तरंगणारी यंत्रे दाखविली. दुसऱ्याने ते तीन पाय परत आणले. एवढ्यावरून दुसऱ्यास अधिक इमानी म्हणावे काय? वेल्स यांनी आरंभीच टास्मानिया बेटातील मूळ रहिवाशांच्या, युरोपियनांच्या हातून झालेल्या संहाराचे स्मरण वाचकांस करून दिले आहे. जगावर राज्य करणाऱ्या राष्ट्रास, जिंकले जाणे म्हणजे काय याची चव घ्यावयास लावणे, हे त्या ग्रंथाचे मर्म होय. दोन्ही चित्रपटांनी कथा अमेरिकेत नेली, जंतूंचा शेवट राखला. पण हे मर्म मागे पडले. यंत्रांचे पाय मोजून इमान मोजता येत नाही.

आणखी एक गोष्ट. वेल्स यांच्या ग्रंथातील धर्मोपदेशक संकटात भ्रमिष्ट होतो. १९५३ च्या चित्रपटातील धर्मोपदेशक मात्र हाती पवित्र शास्त्र घेऊन शत्रूस निर्भयपणे सामोरा जातो. आम्हां ख्रिस्ती लोकांस हे दुसरे चित्र साहजिकच अधिक प्रिय. तथापि जे आपणांस आवडले तेच ग्रंथकाराचेही होते, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. त्याच १९५३ साली आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' हा चित्रपट निघाला व त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुढे २०२३ साली सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावर नवा चित्रपट काढला. या पुस्तकाविषयी खानदेशाने उदासीन राहून चालावयाचे नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, ती गुरुजींनीच लिहून घेतली. त्यानंतर १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, त्यांनी 'श्यामची आई' लिहावयास घेतली.

वनमालाबाईंची मुद्रा मनात धरून नव्या चित्रपटास बसणारा प्रेक्षक पुस्तकाची नव्हे, आपल्या आठवणीची बाजू घेत असतो. नवा चित्रपट रंगांचे युग असताना कृष्णधवल काढला आहे. ही निष्ठा जुन्या चित्रपटांच्या आठवणीशी आहे. मुक्या फुलांवर दया करावयास शिकविणाऱ्या पुस्तकाशी नव्हे. उलट, त्यात तुरुंगातील साने गुरुजी स्वतः पडद्यावर येतात. पुस्तकात आश्रमातील सायंप्रार्थनेनंतर श्याम आपल्या मित्रांस आठवणी सांगतो; गुरुजींचे नाव तेथे नाही. अक्षर पाहिले तर हा फरकच; परंतु पुस्तक ज्या कोठडीत जन्मले ती कोठडी दाखविणारा हा फरक पुस्तकाच्या जवळ नेतो, असे आम्हांस वाटते.

पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. दोन-तीन तासांत त्या सर्व मावणार नाहीत. तेव्हा काही गाळल्या म्हणून दोष देऊ नये. दोष होतो तो तोल बिघडविल्याने. पोहावयास भिणाऱ्या श्यामला शिंपटीने मारणारी आई आणि मागाहून त्याला जवळ घेऊन समजाविणारी आई, ही एकच आई आहे. नुसता मार दाखविला किंवा नुसती माया दाखविली, तर अर्धी आई हरवली. तसेच, श्याम आपल्या चुका स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि घर कर्जाने खचत जाते. ही दोन्ही काढून आईला केवळ देव्हाऱ्यात बसविले, तर नाव तेवढे श्यामच्या आईचे उरेल.

कोणी म्हणेल, चित्रपट ही स्वतंत्र कला आहे. तिला पुस्तकाचे दास्य कशाला? आमचे म्हणणे दास्याचे नाहीच. धुळ्यास प्रवचने लिहून घेणाऱ्यास शब्द न् शब्द जपावयाचा होता. चित्रपटकारास तेच बंधन घालणे अन्यायाचे होईल. पण जो ग्रंथाचे नाव घेतो तो त्याच्या लौकिकाचे भांडवल घेतो, आणि भांडवल घेणाऱ्याने हिशेब दिला पाहिजे. ज्यास तो द्यावयाचा नसेल त्याने खुशाल नवे नाव, नवी कथा घ्यावी. तिचे आम्ही मोकळ्या मनाने स्वागत करू.

हा हिशेब तपासणार कोण? ज्याने पुस्तक वाचले आहे तोच. न वाचणाऱ्यास पडद्यावर जे दिसेल तेच साने गुरुजींचे असे मानणे भाग पडते. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, त्यांनी रोज दिवेलागणीस एक रात्र याप्रमाणे हे पुस्तक घरात मोठ्याने वाचवून घ्यावे; बेचाळीस दिवसांत ते पुरे होईल. आणि विद्यार्थ्यांनी, जी रात्र वगळली तर पुस्तक उभे राहणार नाही असे त्यांस वाटते, ती वहीत कारणांसह लिहून ठेवावी. मग दोन्ही चित्रपट अवश्य पाहावेत, आणि कोणता बरा हे आम्हांस न विचारता वही उघडून स्वतःच ठरवावे.