छापील ठिगळं

कुठल्याही वास्तुपूजनाला गेलं की सदरकारांचं लक्ष सत्यनारायणापेक्षा आहेरावर जास्त असतं, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. या आठवड्यात वर्ध्यातल्या अशाच एका घरी ‘हँडमेड पॅचवर्क’ अशी चिठ्ठी डकवलेली डबलबेडची चादर आली. लाल, निळे, पिवळे तुकडे, प्रत्येकाच्या कडेला पांढरा धावदोरा. हिंगणघाटहून आलेल्या आत्याबाईंनी ती हातात घेतली आणि गोधडी शिवणारी कुठलीही बाई करते तेच केलं. आधी ती उलटी केली.

मागे एकही टाका नव्हता.

“अवं, हे तं छापेल हाय!” आत्याबाई म्हणाल्या. तुकडे छापलेले, जोड छापलेले, धावदोरासुद्धा छापलेला. कापड मात्र एकसंध, कोरं आणि पॉलिस्टरचं. चांगल्या धडधाकट कापडावर पैसे मोजून ठिगळं छापायची ही बुद्धी कुणाला झाली, या विचाराने सदरकारांना मसालेभात गोड लागला नाही. दोनदा घेतला, पण गोड लागला नाही.

त्यातून हे घडलं वर्ध्यात. हा कापसाचा मुलूख. हिंगणघाट आणि पुलगावला इंग्रजी अमदानीतच कापडगिरण्या निघाल्या. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं बिऱ्हाड पडलं, कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केलं. आलेल्या पाकिटांची कोरी बाजू लिहायला वापरणाऱ्या माणसाच्या या गावात कतरण वाया जाऊ नये, एवढी अपेक्षा फार नाही.

आत्याबाईंची कतरण वाया जात नाही. त्यांच्याकडे उशीच्या दोन अभ्र्यांत ती भरलेली असते: एकात सुती, दुसऱ्यात ‘बाकी सगळं’. सुतीला सुतीच जोडायचं, हा त्यांचा कायदा. पहिल्या धुण्यात सुती आटतं, टेरीकॉट आटत नाही आणि मग जोडावर चुण्या पडतात. म्हणून कोरं सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. लाल रंगावर तर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक तुकड्याला पाव इंच शिवणीसाठी सोडायचा आणि जोड शिवला की लगेच इस्त्रीने दाबायचा. हे दाबणं टाळणाऱ्या बाईचा चौकोन शेवटी पतंगासारखा तिरपा होतो.

त्यांच्या कशिद्याला वेगळी मशीन लागत नाही. पायाच्या जुन्याच मशीनचा दाबपट्टीचा पाय काढतात, कापड पुढे ढकलणारे दाते झाकतात, कापड रिंगमध्ये ताठ बसवतात आणि दोन्ही हातांनी रिंग फिरवत फूल काढतात. सुई एका जागी वरखाली, फिरतं ते कापड. खाली कागद किंवा बकरम नसेल तर दाट टाक्यांनी पातळ कापड आकसतं. आता कॉम्प्युटरची मशीन आली आहे. ती मोर काढते, गणपती काढते, नावही काढते. या नावानेच घोटाळा केला.

सदरकारांच्या शेजारी बाळ झालं. कुणीतरी हौसेने जुन्या साड्यांच्या काठांचं सुंदर दुपटं शिवलं आणि मध्यभागी मशीनवर ‘आरव’ काढून घेतलं, कारण घरात तेच नाव ठरलं होतं. बारशाला पाळण्यापाशी बाळाची आत्या वाकली आणि कानात ‘अथर्व’ सांगून मोकळी झाली. आत्याचा अधिकार! दुपटं आजही आरवचं आहे. अथर्व त्यावर निवांत झोपतो.

शिवणयंत्राचा विषय निघालाच आहे तर गांधीजींचं एक मत सांगायलाच हवं. १९२४ साली दिल्लीत त्यांना यंत्रांविषयी छेडलं गेलं, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा चक्क अपवाद केला. बायकोला हाताने शिवताना होणारे कष्ट सिंगरला पाहवले नाहीत, म्हणून प्रेमापोटी त्याने हे यंत्र शोधलं, अशी कथा त्यांनी सांगितली. कथा गोड आहे. प्रत्यक्षातले आयझॅक सिंगर निराळेच गृहस्थ होते. अनेक घरं, वीसच्या वर मुलं. आणि एका घराचा दुसऱ्याला पत्ता लागू नये ही खटपट. १८५१चं त्यांचं पेटंट खरं, पण १८४६ सालीच एलायस हाऊ यांनी शिवणयंत्राचं पेटंट घेतलेलं होतं आणि कज्जेदलालीनंतर सिंगरना त्यांना पैसे मोजावे लागले. म्हणजे सिंगरचं यंत्रही काही अंशी दुसऱ्याच्या तुकड्यांतूनच जोडलेलं!

हाताने केलेल्या आहेराचं नशीब गांधीजींनीही पाहिलं. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाला त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचं विणकाम पाठवलं. राजघराण्यातल्या वडीलधाऱ्या क्वीन मेरींना तो गांधीजींचा पंचाच वाटला आणि त्या नाराज झाल्या, असं सांगतात. आत्याबाईंना हे ऐकवलं तर त्यांनी एवढंच विचारलं, “उलटं करून पाह्यलं नसंन तिनं?”

सध्या आहेरांपेक्षा परतभेटींचा उपद्रव जास्त आहे. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा जुन्या चादरींच्या, उरलेल्या पडद्यांच्या पिशव्या घरोघर शिवल्या जातील असं वाटलं होतं. काही शिवल्याही गेल्या. पण लग्नांत हल्ली नव्या कोऱ्या कापडाच्या पिशव्या वाटतात आणि त्यांवर जरीच्या दोऱ्याने नवरानवरीची नावं, बदाम आणि तारीख. असली पिशवी घेऊन बाजारात वांगी आणायला जायचं कसं? भाजीवाली आधी नावं वाचते, मग “तुमचीच का?” विचारते.

सदरकारांच्या सौभाग्यवतींनी एका पिशवीवरची नावं उसवायला घेतली. मशीनचा दाट कशिदा उसवायचा तर मागचा दोरा टाक्याटाक्याने कापावा लागतो. नवरी निघाली, नवरदेव निघेना, आणि निघाला तेव्हा खालचं कापडही घेऊन निघाला. मग त्यांनी जुन्या ब्लाउजपीसचा तुकडा काढला, कडा आत दुमडल्या आणि त्या भोकावर ठिगळ लावलं. खरंखुरं, चारी बाजूंनी शिवलेलं. परवा भाजीवालीने विचारलं, “ही पिशवी केवढ्याले पडली?”