चाकूरला आधी साधं एफएम लागू द्या

डिजिटल रेडिओच्या बातम्या वाचून घरातला जुना सेट भंगारवाल्याला देऊ नका, आणि ऑनलाइन दिसणारा महागडा ‘डिजिटल’ सेटही इतक्यात मागवू नका. चाकूर, नळेगाव, वडवळ नागनाथ, लातूर रोड या भागातल्या मंडळींना पहिल्यांदा एवढंच सांगायचं आहे.

3 ऑक्टोबर 2025 रोजी ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, खाजगी एफएमच्या डिजिटल प्रसारणाबद्दल केंद्र सरकारला शिफारशी केल्या. सुरुवातीला 13 मोठी शहरं. महाराष्ट्रातली त्यात मुंबई, पुणे आणि नागपूर. मराठवाड्यातलं एकही नाही. देशभर एकच डिजिटल तंत्र निवडावं, चालू एफएम तसंच ठेवून त्याच लहरीवर डिजिटल जोडावं आणि एफएम बंद करण्याची तारीख नंतर, प्रगती पाहून ठरवावी, असं त्या शिफारशींचं सार आहे. तेव्हा उद्या सकाळी तुमचा सेट मुका होणार, असं कुणी सांगत असेल तर त्याला काहीतरी विकायचं आहे असं समजा.

आपल्यासाठी याहून मोठी बातमी त्याच्या आदल्या वर्षीची आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 शहरांत 730 खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत लातूर आहे आणि उदगीरही आहे. चाकूरच्या एका अंगाला लातूर, दुसऱ्या अंगाला उदगीर. पण यादीत नाव आलं म्हणजे आपल्या ओसरीवर आवाज आला, असं होत नाही. एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते. मनोरा 30 मीटरचा असेल तर क्षितिज येतं बावीस-तेवीस किलोमीटरवर, 100 मीटरचा असेल तर चाळीसएक किलोमीटरवर. लातूर आपल्यापासून सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर. म्हणजे शहराकडे बघून उभारलेलं स्टेशन चाकूरला पोचेल ते कडेकडेनंच. नांदेड आकाशवाणीचं 101.1 तर ऐंशी किलोमीटरच्या पुढे, लागलंच तर खरखरीसकट. परभणी आकाशवाणीचं 1305 मिडीयम वेव्हवर असल्यामुळे जमिनीला धरून लांबवर येतं. जुन्या माणसांना परभणी का आठवते, त्याचं अर्धं कारण हे आहे.

आपण कडेला राहणारी माणसं, ही गोष्ट ध्यानात ठेवूनच डिजिटलकडे बघायला हवं. एफएम कमजोर झालं की खरखर वाढते, पण शब्द कळतात. सोयाबीनचा भाव चार हजारांचा की साडेचार हजारांचा, तेवढं कानावर पडतं. डिजिटलचं तसं नाही. आवाज येतो तेव्हा अगदी स्वच्छ येतो, आणि लहर एका मर्यादेखाली गेली की एकदम बंद. मधली अवस्था जवळपास नाहीच. शहरात मनोऱ्याच्या सावलीत राहणाऱ्याला हा फरक कधी जाणवायचा नाही. चाकूरला तो रोज जाणवेल.

आता तंत्रांची नावं. मुख्य तीन आहेत.

युरोपात चालतं ते डॅब प्लस. एकाच मनोऱ्यावरून, एकाच रुंद लहरीवर दहा-पंधरा स्टेशनं एकत्र जातात. लंडन-ओस्लोला ते परवडतं. आपल्याकडे एक स्टेशन उभं करायची मारामार, तिथे हे म्हणजे तीन माणसांसाठी अख्खी एसटी सोडल्यासारखं. शिवाय ते एफएमच्या पट्ट्यात बसत नाही, 174 मेगाहर्ट्झच्या वर चालतं. त्यामुळे जुन्या सेटला त्याचा शून्य उपयोग. नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, पण तिथल्याही बहुतेक लहान स्थानिक स्टेशनांना एफएमवर राहू दिलं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने 31 डिसेंबर 2024 ला एफएम थांबवलं आणि त्याचे श्रोते घटले. श्रीमंत देशाची ही गत असेल तर आपण घाई का करावी?

अमेरिकेत एचडी रेडिओ. तिथल्या नियामकाने 2002 साली त्याला मान्यता दिली. एफएमच्या लहरीच्या दोन्ही बाजूंना डिजिटलच्या पट्ट्या जोडतात. यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते: गाडी डिजिटलच्या टप्प्याबाहेर गेली की सेट आपोआप साध्या एफएमवर येतो, मुख्य कार्यक्रम तुटत नाही. मात्र डिजिटल पट्ट्यांची ताकद सुरुवातीला एफएमच्या 1 टक्का होती, पुढे ती 10 टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा मिळाली. म्हणजे त्यांचा टप्पा एफएमहून आखूडच. जोडीला दिलेल्या जादा वाहिन्यांना एफएमचा आधार नसतो, त्या टप्प्याबाहेर गप्प होतात. तंत्राची मालकी एका कंपनीकडे आहे, हेही लक्षात असू द्या.

तिसरं डीआरएम. हे खुलं तंत्र आहे आणि आकाशवाणीने मिडीयम वेव्हसाठी ते आधीच घेतलंय. मुंबई-पुण्याच्या मोठ्या ट्रान्समीटरांवर ते बसवलं आहे. देशात विकल्या गेलेल्या लाखो नव्या गाड्यांत डीआरएमचे सेट कारखान्यातूनच बसून येतात, तरी बहुतेक मालकांना त्याचा पत्ता नसतो. एफएमच्या पट्ट्यात त्याला 96 किलोहर्ट्झ एवढीच जागा लागते. आपल्याकडे एकाच शहरातल्या खाजगी स्टेशनांमध्ये 800 किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, तेव्हा चालू एफएमला धक्का न लावता शेजारी हे बसू शकतं. त्या जागेत तीन आवाजी कार्यक्रम आणि थोडी माहिती जाते. आपत्तीच्या वेळी झोपलेला सेट जागा करून इशारा ऐकवण्याची सोयही त्यात आहे. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाहिलेल्या लातूर जिल्ह्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

लहान, एकट्या स्टेशनाला या तिघांत डीआरएम सर्वांत जवळचं, असं माझं मत आहे. पण तो झोपलेला सेट घरात असला तर जागा होणार ना! साधा एफएम सेट काही शे रुपयांत मिळतो आणि पेन्सिल सेलवर बरेच दिवस चालतो. डीआरएमचा सेट हजारांच्या भाषेत बोलतो आणि सेलही जास्त खातो. भूकंप, वीज, पूर यांत पहिल्यांदा लाइट जाते, मागोमाग मोबाईलचा टॉवर. त्या वेळी गावात जे यंत्र सर्वांत जास्त घरांत असेल तेच कामाचं. आज ते साधं एफएम आहे.

मोबाईलमध्येही ते असू शकतं. एप्रिल 2023 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन कंपन्यांना एफएमची सोय बंद करू नका, अशी सूचना केली होती. नवा फोन घेताना दुकानात तेवढं विचारा. तारेचा इयरफोन मात्र जवळ ठेवा, कारण ती तारच अँटेना असते. बिनतारी बड्सवर हे जमत नाही. ‘नेटवर ऐकू की’ म्हणणाऱ्यांनी जरूर ऐकावं. आकाशवाणीची केंद्रं ॲपवर आहेत, काही वाहिन्या डीडी फ्री डिशवरही लागतात. फक्त शेतात बॅटरी पंधरा टक्के आणि डेटा संपलेला असताना ते ऐकून दाखवा.

युरोपातून आणलेला किंवा ऑनलाइन मागवलेला डॅबचा सेट इथे फक्त एफएम ऐकवेल, त्यातलं डिजिटल शोभेचं. गाडी घेताना डीआरएम आहे का हे विचारायला हरकत नाही. पण गाड्यांतलं सध्याचं डीआरएम बहुतेक मिडीयम वेव्हपुरतं आहे. पुढे एफएम पट्ट्याचं डीआरएम आलं तर सॉफ्टवेअर बदलून चालेल का, याचं उत्तर शोरूमवाल्याकडून लेखी घ्या.

आता खरं आवाहन, आणि ते कॉलेजांना, शेतकी संस्थांना, बचत गटांचं काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना आहे. लातूर-उदगीरच्या लिलावाची वाट बघत बसू नका, स्वतःचा सामुदायिक रेडिओ सुरू करा. खाजगी वाहिनी आली तरी ती शहरातल्या दुकानदाराच्या जाहिरातीवर चालणार. चाकूरच्या मोंढ्यातले भाव ती कशाला सांगेल? सामुदायिक रेडिओसाठी शैक्षणिक संस्था, कृषी विज्ञान केंद्रं आणि किमान तीन वर्षं काम केलेल्या ना-नफा संस्था अर्ज करू शकतात. ट्रान्समीटर 50 वॉटचा, मनोरा 30 मीटरपर्यंत. सपाट भागात दहाएक किलोमीटरचा घेर सहज मिळतो. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आणि बारामतीची वसुंधरा वाहिनी याच वाटेनं गेल्या. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक हवेत, तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिरात घेता येते, उपकरणांसाठी केंद्राची अनुदान योजना आहे. बातम्या मात्र आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात, तिथे हात बांधलेले आहेत. हवामान, बाजारभाव, परीक्षा, पाणी सुटण्याच्या वेळा सांगायला कुणाची आडकाठी नाही.

आणि हो, मनोऱ्यासाठी उंच जागा शोधताना वडवळच्या संजीवनी बेटाकडे बोट दाखवू नका. तिथल्या औषधी वनस्पतींना राहू द्या. गावातली पाण्याची टाकीही पुष्कळ उंच असते.

डिजिटल म्हणजे एका लहरीवर तीन वाहिन्या, असं ऐकून कुणी हुरळून जाईल. एका वाहिनीचा दिवस भरतानाच लहान स्टेशनाची दमछाक होते. आधी रोजचे चार तास नेटाने चालवून बघा.

तरी ट्रान्समीटर घेताना दोन गोष्टी मागणीपत्रात लिहा. एक, पुढे डीआरएम किंवा सरकार निवडेल ते डिजिटल तंत्र त्याच यंत्रावर जोडता यावं, आणि त्याचा खर्च विकणाऱ्याने आजच सांगावा. दोन, आरडीएसची सोय हवी, म्हणजे साध्या एफएमवरच गाडीच्या आणि काही फोनच्या पडद्यावर स्टेशनाचं नाव दिसेल. ही जुनी, स्वस्त सोय आहे, आणि डिजिटलच्या नावाखाली जे विकलं जातं त्यातलं बरंचसं काम ती आजच करते.