दुबई तीन तासांवर, मग आंबा वाटेत का नासतो?

गेल्या मे महिन्यात लोअर परळला मावशीकडे हापूसच्या दोन पेट्या पोहोचत्या करायला गेलो होतो. ना. म. जोशी मार्गावरची चाळ. गिरण्या चालू होत्या तेव्हा मे महिन्यात या चाळींतून गावची पेटी यायचीच. 1982 च्या संपानंतर भोंगे बंद पडत गेले, समोर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पेटीची वाट मात्र अजून पाहतात.

शेजारचा मुलगा आदल्या दिवशीच दुबईहून आलेला. किती वेळ लागतो रे, म्हटलं. "तीन तास, दादा." मावशी लगेच म्हणाली, "आणि हा रत्नागिरीहून रात्रभर बसून आलाय!"

खोटं नाही. मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर, रत्नागिरी-मुंबई रस्ता साडेतीनशेच्या आतबाहेर. त्यात दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. पहाटे 4 ला सुटलेले विमान तिथल्या साडेपाचला उतरते, म्हणून काही जण "दीड तासात पोहोचलो" असेही ठोकून देतात!

हे तीन तास ऐकून आपल्याकडचे बागायतदार हुरळतात. निर्यातीची बोलणी विमानाच्या भाड्यापासून सुरू होतात. माझ्या मते इथेच चुकते. फळ सकाळी सातला उतरवले, दुपारपर्यंत तापल्या जमिनीवर पडले, चारला टेम्पो आला, रात्र महामार्गावर गेली, मग विमानतळावर तपासणी आणि कागदपत्रे. हिशेब तीस तासांवर जातो. त्यातले विमानाचे फक्त तीन. उरलेले आपल्या हातातले.

तापल्या जमिनीवरच्या फळात साका वाढतो, हे बागायतदारांना मी नव्याने सांगायला नको. तरी ढीग उन्हातच दिसतात. चौदा आणे तयार फळ देठासकट नूतन झेल्याने, ऊन चढायच्या आत काढावे आणि थेट सावलीत न्यावे. चीक सालीवर ओघळू देऊ नये. शीतगृहात 12-13 अंशांच्या खाली नेले तर फळाला थंडी बाधते, तेही लक्षात असू द्या.

एवढे सांभाळले तर दुबईसाठी विमानच हवे असेही नाही. न्हावाशेव्याहून जहाज साधारण चार-पाच दिवसांत पोहोचते, थंड कंटेनरमध्ये हापूस ते सोसतो आणि भाडे बरेच कमी पडते. भेंडीसारख्या नाजूक मालाला विमान ठीक.

सरपंच मंडळींना एक विनंती. गावाच्या वेशीवर कमान बांधायचा ठराव बऱ्याच ठिकाणी होतो. तेवढ्या पैशांत बागेच्या वाटेवर पत्र्याची मोठी शेड होईल, खाली कोबा, वर हवा खेळती. आमच्याकडे सोसायटीच्या गोदामामागची जागा मोकळी आहे. येत्या ग्रामसभेत विषय घ्या, मोजमापाला टेप घेऊन मी येतो.