लंबोदराच्या गावात पोटाची चर्चा

"पोट कोणाचा सुटत नाय? त्याका ऑपरेशन कित्याक?" कोकणातल्या रेडीत टमी टकचा, म्हणजे सुटलेलं पोट आवळण्याच्या शस्त्रक्रियेचा, विषय काढा, बहुधा हाच प्रश्न अंगावर येईल. १९७६ साली इथल्या खाणीत द्विभुज गणपती सापडला. त्या लंबोदराला नवस बोलणारे आपण बाळंतिणीच्या पोटाला मात्र नावं ठेवतो, आणि तिनं इलाज विचारला की तिला नटवी म्हणतो!

हे श्रीमंतांचे चोचले, हा पहिला आक्षेप. गरोदरपणात पोटाचे मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब सरकतात. पुष्कळजणींचे काही महिन्यांत पुन्हा जवळ येतात, काहींचे येत नाहीत. व्यायामानं स्नायूंना बळ येतं, पण रुंद फट दरवेळी मिटत नाही. लोंबणारी कातडी तर जोर-बैठकांना मुळीच दाद देत नाही. 'बाळंतपणात पोट नीट बांधून घेतलं नाहीस' हा सुनेवरचा ठपकाही म्हणूनच पोकळ. लुगड्याच्या पट्ट्यानं आधार मिळतो, स्नायू शिवले जात नाहीत. टमी टकमध्ये ते शिवतात.

दुसरी चूक हौशी मंडळींची: पोट कापलं की वजन उतरलं. साफ खोटं. आधी वजन स्थिर हवं, मग शस्त्रक्रिया. तिचे प्रकारही बिघाड कुठं आहे त्यावरून ठरतात. सैलपणा बेंबीखालीच असेल तर छोटी टमी टक, बेंबी सहसा जागच्या जागी. पूर्ण प्रकारात कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद, आणि बेंबीला वरच्या कातडीत नवी वाट. कुशीही लोंबत असतील तर छेद आणखी लांबतो; प्रचंड वजन घटवलेल्यांत कधी कमरेभोवती पूर्ण फिरतो, कधी त्याला उभी जोड द्यावी लागते. नुसती लोंबती घडी काढणं हा निराळाच प्रकार, त्यात स्नायू शिवत नाहीत. कोकणच्या दमट हवेत त्या घडीखाली घाम साचून कातडी चिघळते, तिला चोचले कोण म्हणेल? तरी विमा कंपन्या सौंदर्योपचाराचं कलम पुढं करतात; वैद्यकीय गरज कागदोपत्री सिद्ध करायची ती रुग्णानंच.

म्हणून सरसकट करून घ्या असं मी म्हणणार नाही. जखमेत पाणी साचतं, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, व्रण जन्मभर राहतो. आणखी मूल हवं असेल तर थांबावं. आणि मिसरी लावणाऱ्या बाईनं ती डॉक्टरांपासून लपवू नये: तंबाखूतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, शिवलेल्या कातडीला रक्त पुरत नाही, ती काळी पडून मरू शकते. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच मिसरीचा डबा बंद व्हायला हवा.